सिस्टर का खेकसते?

सरकारी दवाखान्यात चार दिवस काढून आलेल्या कुणालाही विचारा. डॉक्टरांबद्दल तो बरंवाईट काहीही सांगेल, पण सिस्टरचा विषय निघाला की एक क्रियापद हमखास येईल : खेकसते. ‘काही विचारायला गेलं की खेकसते.’ हे क्रियापद आपण मोजक्याच लोकांसाठी राखून ठेवलं आहे. एसटीचा कंडक्टर, रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचा माणूस आणि सिस्टर. तिघांत साम्य एवढंच, की खात्याचा सगळा गोंधळ त्यांच्यापाशी येऊन थांबतो आणि लोकांना खात्याचं दुसरं तोंड दिसतच नाही.

हे क्रियापद मीही वापरलं आहे. दोन वर्षांपूर्वी आईला एका जिल्हा रुग्णालयात बायकांच्या मेडिसिन वॉर्डात ठेवलं होतं आणि अकरा रात्री मी तिच्या खाटेशी बसून होते. तिसऱ्या रात्री सलाईन संपत आलं म्हणून मी तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा सिस्टर लांबूनच म्हणाली, “दिसतंय मला. डोळे आहेत.” मला भयंकर राग आला. झोप येणं शक्यच नव्हतं, म्हणून मी वॉर्ड मोजायला घेतला. खाटा ३०. त्यांवर आणि त्यांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून झोपवलेल्या मिळून बायका ५२. सिस्टर एक. मावशी एक, तीही शेजारच्या वॉर्डाबरोबर वाटून घेतलेली. ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ.

बारा तासांची मिनिटं होतात ७२०. भागिले ५२. प्रत्येकीच्या वाट्याला चौदा मिनिटंसुद्धा येत नाहीत. यात ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती) घेणं-देणं, रजिस्टरं, फोन, पाणी पिणं, लघवीला जाणं धरलेलं नाही. रात्री दहाची इंजेक्शनं घ्या. त्यांतल्या चाळीस जणींना शिरेतून अँटिबायोटिक चालू असेल, तर औषध काढायचं, पातळ करायचं, केसपेपर बघायचा, नाव विचारायचं, शीर चालू आहे का पाहायचं आणि हळूहळू सोडायचं. घाई केली तरी चार मिनिटं. चाळीस चोक एकशेसाठ. दहाचं शेवटचं इंजेक्शन मिळेपर्यंत जवळजवळ पाऊण वाजतो. माझी आई रांगेत एकोणचाळिसावी होती.

त्या रात्री चार नव्या भरती आल्या. साडेतीनला दारापाशी गादीवर झोपवलेली एक बाई गेली. तिच्या मुलीने हंबरडा फोडला, गेलेल्या बाईचा भाऊ सिस्टरच्या अंगावर धावून आला, ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलाने त्याला मागे ओढलं. सिस्टरने नळ्या काढल्या, शरीर नीट केलं, कापूस, पट्टी, चिठ्ठी. मग टेबलावर बसून रजिस्टरमध्ये लिहिलं. तेवढ्या वेळात बाकीच्या पंचावन्न जणींसाठी वॉर्डात कुणीही नव्हतं. लिहून झाल्यावर तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, तेही उभ्यानेच, आणि सहाच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवायला सुरुवात केली. रडली नाही, कुणाशी बोलली नाही. मला ते त्या वेळी निर्दय वाटलं होतं.

या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. हा शब्द या अर्थाने १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने रूढ केला, तोही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांकडे आणि स्वतःकडे पाहून. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत : अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. यातलं दुसरं लक्षण पुन्हा वाचा. मनाने दूर जाणं, कडवटपणा. आपण ज्याला खेकसणं म्हणतो ते हेच. आपण ज्याची तक्रार करतो ते लक्षण आहे.

त्याच वर्गीकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती मात्र सोयीस्करपणे गाळली जाते. संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही. ती कामाच्या ठिकाणाशी जोडलेली घटना आहे असं म्हणते. म्हणजे त्यावर औषध द्यायचंच तर ते वॉर्डाला द्यायला हवं.

मराठीत यासाठी मला ‘करपणं’ हाच शब्द बरा वाटतो. भात करपला तर आपण तांदळाला दोष देत नाही. पाणी कमी पडलं नाहीतर आच मोठी झाली म्हणतो. आणि करपल्याचा वास येतो तेव्हा खालचा थर आधीच गेलेला असतो, हेही स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असतं.

तर पाण्याचा हिशोब. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकामागे एक. हे प्रत्येक पाळीत. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी ३० टक्के जास्तीची माणसं. माझ्या आईच्या वॉर्डाला हे लावलं तर त्या रात्री दहा-अकरा सिस्टर हव्या होत्या. इतक्या येणार नाहीत हे मलाही कळतं. पण दहा आणि एक यांच्या मध्ये तीन, चार, पाच असे आकडे असतात, आणि आपल्या प्रशासनाला ते येत नसावेत.

अडचणीची मेख ‘मंजूर खाटा’ या दोन शब्दांत आहे. पदं मंजूर होतात ती कागदावरच्या खाटांवर. रुग्ण येतात ते आजारी पडतील तसे. सरकारी रुग्णालयाला ‘जागा नाही’ म्हणता येत नाही आणि म्हणूही नये, म्हणून गाद्या जमिनीवर येतात. जमिनीवरची बाई वॉर्डात असते, रजिस्टरमध्ये असते, पदांच्या हिशोबात मात्र नसते. आधी खाटांनुसार पदं कमी, मंजूर पदांतली काही रिकामी, भरलेल्यांतली काही जण प्रतिनियुक्तीवर किंवा दीर्घ रजेवर, आणि जी उरते ती रात्री आठला येऊन ओव्हर घेते. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी एक छोटीशी तडजोड केलेली असते. कुणीच खोटं बोललेलं नसतं. आणि तरीही शेवटी ५२ ला एक होतं.

याचा रुग्णाच्या जिवाशी संबंध आहे का, हा प्रश्न जुना झाला आणि त्याचं उत्तरही मिळून गेलं. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा, १०,००० हून अधिक परिचारिकांचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या २,३०,००० हून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि त्या परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी, असं त्यांना आढळलं. तिकडे भीती होती ती चाराच्या जागी आठ रुग्ण देण्याची. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, २००४ पासून प्रमाण बंधनकारक झालं; आज तिथे साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका ठेवावीच लागते. आपल्याकडे परिषदेचं प्रमाण आहे, पण ते न पाळल्याबद्दल कुणाला काही होत नाही. लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया अहेर आणू नये’सारखं ते असतं.

आकडा एवढ्यावर संपत नाही, कारण त्या एका सिस्टरकडे फक्त शुश्रूषाच असती तर गोष्ट वेगळी होती. दिवसपाळीत ती काय काय करते हे मी आठवडाभर पाहिलं. औषधांचं इंडेंट भरून स्टोअरला पाठवणं, आलेलं मोजून घेणं. धोब्याकडच्या चादरी मोजणं. ऑक्सिजनचा सिलिंडर संपला की फोन, पंखा बंद पडला की फोन, पाणी गेलं की फोन. लॅबचा रिपोर्ट आला नाही तर माणूस नाही म्हणून नातेवाइकालाच चिठ्ठी देऊन धाडणं. मावशी आणि मामांची पदं रिकामी, त्यामुळे स्ट्रेचर ढकलणं. डिस्चार्जचे कागद, योजनेचे कागद, पोलीस केस असेल तर तिचे कागद. रुग्णालयात ज्या कामाला वेगळा माणूस नाही ते काम सिस्टरचं. शिकली ती नाडी, श्वास, जखम, औषधाची मात्रा. दिवस जातो उशांचे अभ्रे मोजण्यात. तिसरं लक्षण, ‘आपल्या हातून काही नीट होत नाही’, इथून येतं. काय नीट करायचं हे माहीत नसतं तर तिला इतका त्रास झालाच नसता.

आणि ती बहुतेक वेळा बाई असते. नाइट संपवून घरी गेल्यावर डबे, शाळा, सासू-सासऱ्यांची औषधं. ‘तू नर्सच आहेस ना’ म्हणून नात्यातलं कुणीही आजारी पडलं की हिलाच फोन. यावर अधिक काही लिहायची गरज नाही, घरोघरी दिसतंच.

आता जबाबदारीचं बघा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्या प्रकरणात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण दगावले. तीन दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. त्यांच्याकडून चूक झाली की नाही हे न्यायालयाने ठरवावं. मी त्यांची वकिली करत नाही. मला प्रश्न क्रमाचा पडतो. वायरिंग कुणी केलं, तपासणी कुणी करायची होती, अग्निशमनाची यंत्रणा बसवायची फाइल कुणाकडे होती, यांतल्या एकाही कागदावर सिस्टरची सही लागत नाही. तिची सही ड्यूटीच्या रजिस्टरवर असते. म्हणून पोलिसांना ती लगेच सापडते.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले तेव्हा राज्य हादरलं. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने नांदेडच्या घटनेची स्वतःहून दखल घेतली, रिकाम्या पदांवर प्रश्न विचारले. आणि त्याच दिवसांत एका खासदारांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. मला वाटतं, आपल्या आरोग्यव्यवस्थेबद्दल त्या चित्रणात जे आहे ते अनेक अहवालांत नसेल. सफाई कामगारांची पदं का भरली नाहीत, हा प्रश्न मंत्रालयात विचारायचा असतो. तो विचारला गेला शौचालयात. अधिष्ठात्यांची ही गत, तर तिसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला कोण विचारतो?

डॉक्टर-परिचारिकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तो कोणकोणत्या भिंतींवर लावला आहे तेही मी पाहिलं आहे, आईच्या वॉर्डात तो पान-तंबाखू थुंकू नये याच्या बाजूला होता. भाऊ अंगावर धावून आला तेव्हा सुरक्षारक्षक खाली अपघात विभागात होता. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात छत्तीस तासांच्या ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला, देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्यात मागणी होती विश्रांतीच्या सुरक्षित खोलीची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ ला परिचारिका अरुणा शानभाग घरी जाण्याआधी कपडे बदलायला तळघरातल्या खोलीत गेली होती, तिथे तिच्यावर हल्ला झाला आणि ती त्यातून कधीच शुद्धीवर आली नाही. पन्नास वर्षांच्या अंतराने मागणी खोलीचीच.

अरुणाची गोष्ट आपण सांगतो ती अशी : केईएमच्या परिचारिकांनी ४२ वर्षं तिला सांभाळलं, इतकं की अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. खरंच आहे, आणि ऐकताना घसा दाटून येतो. पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण सांगत नाही. त्या हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता. पुढे पालिका तिला तिथून हलवू पाहत होती तेव्हा त्यांनी विरोध करून ते थांबवलं. सेवा करणारे हात आणि मूठ वळणारे हात एकाच बायकांचे होते. आपल्याला पहिले हात आवडतात.

‘सेवा’ हा शब्द मला म्हणूनच संशयास्पद वाटू लागला आहे. सेवेचं मोल होत नाही असं म्हटलं की मोल करायची जबाबदारी सुटते. आशा कार्यकर्तींना आपण ‘स्वयंसेविका’ म्हणतो आणि त्यांना देतो त्याला ‘मानधन’. राज्यात त्या ७०,००० हून अधिक आहेत. लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, क्षयाच्या गोळ्या, सर्वेक्षणं, सगळं गावपातळीवर त्यांच्या पायांवर उभं आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा, जाहीर झालेल्या वाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून, आझाद मैदानात जमिनीवर बसल्या होत्या. मान जिनिव्हात मिळाला, धनासाठी मैदानात बसावं लागलं.

२२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या. ३ मे ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं टाकली. मी थाळी वाजवली होती, त्याची लाजही वाटत नाही. त्या दिवसांत दुसरं काय करावं कळत नव्हतं. पण त्याच काळात तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलेल्या मुली लाट ओसरल्यावर घरी बसल्या. आणि मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांना संपावर जावं लागलं, कारण त्यांच्या जागा खाजगी कंपनीमार्फत कंत्राटी भरण्याचा घाट घातला होता. जुलै २०२५ मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हाही कंत्राटी भरतीचा मुद्दा होताच. संप झाला की लगेच मेस्मा कायद्याची भाषा सुरू होते : अत्यावश्यक सेवा आहे, थांबवता येणार नाही. अगदी मान्य. पण जे अत्यावश्यक आहे ते अकरा महिन्यांच्या करारावर कसं चालतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. घरातली गॅसची टाकी आपण ‘बघू पुढच्या वर्षी ठेवायची का’ म्हणून आणत नाही.

खाजगीकडे वळलं तर गोष्ट बदलते, बरी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खाजगी परिचारिकांच्या स्थितीबद्दल समिती नेमायला सांगितली. समितीने शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात पगार सरकारी परिचारिकेइतका असावा आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा. केरळात २०११ पासून संघटित झालेल्या परिचारिकांनी संपांवर संप करून २०१८ मध्ये किमान २०,००० ची अधिसूचना सरकारकडून काढून घेतली. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्यात जा आणि पांढरा कोट घातलेल्या मुलीला पगार विचारा. तिने नर्सिंग केलं आहे का, हेही विचारा. अनेकदा ती बारावी होऊन ‘शिकायला’ आलेली असते, रुग्णांसाठी मात्र सिस्टरच. जिने खरंच शिक्षण घेतलं तिची मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवण्याची रीतही अजून संपलेली नाही.

मग मुली काय करतात? जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्या मुलींना माझा एका शब्दानेही विरोध नाही. जर्मन शिकून परक्या देशात म्हाताऱ्यांची काळजी घेणारी सांगली-बीडची पोर माझ्यापेक्षा धीट आहे. फक्त ज्या शासनाला स्वतःच्या वॉर्डात माणसं मिळत नाहीत ते शासन माणसं पुरवण्याचा करार करतं, तेव्हा माणसं मिळत नाहीत हे कारण बाद झालं. माणसं आहेत. आपण त्यांना ठेवत नाही.

या सगळ्यावर एक उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझ्या घरातच ते मिळतं. माझा मामा म्हणतो, “कायम झालेल्या सिस्टरला सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे. टेबलावर बसून मोबाइल बघतात. तू एक रात्र बघितलीस, मी तीस वर्षं बघतोय.” मामाचं सगळं चूक नाही. कायम सिस्टरचा पगार चांगला आहे. मोबाइल बघणाऱ्या मीही पाहिल्या, त्यांतली एक तर दुसरीच्या वाट्याचं काम सरळ तिच्यावर ढकलत होती. कामचुकार माणसं शाळेत आहेत, बँकेत आहेत, मामा ज्या खात्यातून निवृत्त झाला तिथे तर विचारूच नका. पण पगार चांगला असूनही माणूस करपत असेल, तर पगाराने न सुटणारं काहीतरी आहे, असाच त्याचा अर्थ निघतो. आणि कामचुकार सिस्टर ओळखायची कशी? जिथे पाच रुग्णांमागे एक आहे तिथे कोण काम करतं, कोण नाही, हे दोन दिवसांत कळतं. जिथे ५२ मागे एक आहे तिथे जीव तोडून काम करणारी आणि न करणारी दोघींचीही चाळीस इंजेक्शनं उशिराच होतात. अपुरी संख्या कामचुकाराला सगळ्यांत जास्त झाकते.

वरून उपाय येतो तो कार्यशाळेचा. माझ्या ओळखीच्या एका परिसेविकेने, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरने, सांगितलं, ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्यान होतं, उपस्थिती सक्तीची, वेळ सकाळी दहा. तिच्या वॉर्डातल्या दोघी नाइट करून तशाच बसल्या. वक्त्याने डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला आणि त्यांतली एक झोपली. वक्ता खूश झाला, ध्यान लागलं म्हणून. योग, समुपदेशन यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना ते मिळायला हवं, लाज न बाळगता मिळायला हवं. पण ते पाण्याऐवजी भातात घालता येत नाही.

दर १२ मे ला मेणबत्त्या लावून फ्लॉरेन्स नाइटिंगेलची आठवण काढली जाते. हातात दिवा घेतलेली बाई एवढीच ती आपल्याकडे पोहोचली. ती आधी हिशोबाची बाई होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक गोळीने कमी आणि रुग्णालयातल्या घाणीने जास्त मेले, हे तिने आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या तोंडावर मारलं. भारतात ती कधी आली नाही, पण इथल्या मृत्यूंचे तक्ते मागवत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा गावांच्या स्वच्छतेवर पत्रव्यवहार होता. आपण तिचा दिवा घेतला आणि तक्ते ठेवून दिले.

म्हणून माझी मागणी एका तक्त्याची आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारात फळा असतोच. त्यावर दर पाळीला तीन आकडे लिहावेत : मंजूर खाटा, आत्ता असलेले रुग्ण, ड्यूटीवरच्या परिचारिका. तेच आकडे रोज संकेतस्थळावर जावेत. खाजगी रुग्णालयांनाही हे लागू असावं. मग पदं मंजूर खाटांवर न ठरवता वर्षभरातल्या प्रत्यक्ष रुग्णांवर ठरवावीत, प्रमाण कायद्यात आणावं, अगदी टप्प्याटप्प्याने का होईना. पहिल्या वर्षी वीसला एक करा, तेही आजच्यापेक्षा स्वर्ग वाटेल. वॉर्डात दुर्घटना झाली तर परिचारिकेवर गुन्हा नोंदवण्याआधी त्या पाळीचे हे तीन आकडे चौकशीच्या पहिल्या पानावर यावेत. पैसा कुठून येणार हा प्रश्न रास्त आहे, पण तो नव्या इमारतींचे नारळ फुटतानाही विचारला जावा. इमारतीला कोनशिला लागते, पाटीवर नाव येतं. रात्रपाळीच्या चौथ्या सिस्टरच्या उद्घाटनाला कोण येणार?

फळ्याने सगळं सुटेल असा माझा भ्रम नाही. आकडे खोटे लिहिले जातील, काही ठिकाणी फळाच हरवेल. पण त्या रात्री आईच्या वॉर्डाच्या दारात ‘खाटा ३०, रुग्ण ५२, सिस्टर १’ असं लिहिलेलं असतं, तर मी तिसरी हाक मारण्याआधी सलाईनची कळ स्वतःच बंद केली असती, पहिल्या रात्री तिनेच मला ती दाखवली होती. बहीण गेलेला तो भाऊही आत येताना ते वाचून आला असता. कदाचित तरीही तो तिच्याच अंगावर धावून गेला असता. साडेतीन वाजता तिथे दुसरं कुणी नव्हतंच.